पटावर नसलेले दुःख

मराठी शाळेत निबंधाचा एक प्रकार वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. त्याला ‘मनोगत’ किंवा ‘आत्मवृत्त’ म्हणतात. फाटक्या पुस्तकाचे मनोगत, पडक्या वाड्याचे आत्मवृत्त यांच्या रांगेतच भूकंपग्रस्ताचे मनोगत, पूरग्रस्ताचे मनोगत, दुष्काळात होरपळलेल्या शेतकऱ्याचे मनोगत हेही विषय येतात. मार्गदर्शकांत त्यांचे तयार नमुने असतात, त्यातली वाक्ये पाठ केली जातात आणि त्यांना बऱ्यापैकी गुणही मिळतात. ज्या मुलाने पूर पाहिलेला नाही ते मूल पुराविषयी प्रथमपुरुषी एकवचनात लिहिते. ज्याने खरोखर काही गमावले आहे असे दुसरे मूल कदाचित त्याच वर्गात मागच्या बाकावर बसलेले असते. त्याच्या वहीत त्या दिवशी काय उमटते, किंवा काहीच का उमटत नाही, हे विचारण्याची सोय मात्र आमच्या अध्यापनात सहसा नसते.

अलीकडे शिक्षणविचारात ‘आघातसजग’ शाळेची चर्चा होऊ लागली आहे. मूल वर्गात येते ते घरातला मृत्यू, हिंसा, उपासमार, स्थलांतर, अपमान हे सारे बरोबर घेऊन येते. त्याचे गप्प राहणे, चिडणे, अकारण गैरहजर राहणे, पाठ केलेले विसरणे यांत बेशिस्तीपेक्षा वेगळे काही असू शकते, हे ओळखून शाळेने आपले रोजचे वागणे बदलावे, असा त्या विचाराचा थोडक्यात आशय आहे. ही परिभाषा परदेशी ग्रंथांतून आली म्हणून हा प्रश्नही परदेशी आहे असे मानण्याची घाई होते. आमचे म्हणणे असे की महाराष्ट्रातील सार्वजनिक शिक्षणाच्या इतिहासात हा प्रश्न आरंभापासून उभा आहे, आणि त्याची सर्वांत जुनी साक्ष एका विद्यार्थिनीच्या निबंधातच सापडते.

तो निबंध मुक्ता साळवे हिचा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मांग समाजातील किशोरवयीन मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत छापून आला. मराठी दलित साहित्याचा आणि स्त्रीलेखनाचा आरंभबिंदू म्हणून त्याचा उल्लेख पुष्कळदा होतो. आमच्या दृष्टीने त्याचे आणखी एक महत्त्व आहे, ते म्हणजे हा ‘शाळेतला’ निबंध आहे. इमारतींच्या पायात माणसे पुरण्याची रीत, पेशवाईतील तालीमखान्यासमोरून जाण्याची शिक्षा, डोक्यावर छप्पर नसताना उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल, हे सारे एका विद्यार्थिनीने आपल्या लोकांची हकिगत म्हणून मांडले. मार्गदर्शकातल्या नमुन्यातून उसनी वेदना घेण्याची तिला गरज नव्हती. तिच्या वर्गाने तो विषय अभ्यासक्रमाबाहेरचा मानला नाही, शुद्धलेखनाच्या चुका काढून तो बाजूला ठेवला नाही, उलट तो छापखान्यापर्यंत जाऊ दिला.

येथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. मुक्ताच्या निबंधात रडगाणे नाही. त्यात प्रश्न आहेत, धर्मग्रंथांच्या मालकीविषयी तर्क आहे, उपहास आहे आणि शेवटी शिक्षणाचा आग्रह आहे. सोसलेले नुसते सांगून मोकळे होणे आणि सोसलेल्याची कारणे जगाला विचारणे यांत अंतर असते. आज ज्याला आपण मुलाची ‘तग धरण्याची शक्ती’ म्हणतो, तिचा उगम या दुसऱ्या क्रियेत असावा असे हा निबंध वाचताना जाणवते. आणि ती क्रिया एकट्याने होत नाही. ऐकणारा शिक्षक, शेजारी बसणारी मैत्रीण आणि लिहिलेले कुणीतरी वाचणार आहे ही खात्री, एवढे तरी लागते.

फुले दांपत्याच्या कामाकडे या अंगाने पाहिले की काही गोष्टी नव्याने जुळतात. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने अन्नछत्रे चालवली आणि १८७७ मध्ये पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम उभा राहिला. भुकेल्या मुलाला आधी भाकरी, मग अक्षर हा क्रम त्यांना सांगावा लागला नाही. पण याहून आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये जोतीरावांनी सादर केलेले निवेदन. प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही त्यातली मागणी सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनात शिक्षक कसा असावा हेही सांगितले आहे. तो प्रशिक्षित असावा, त्याला महिना बारा रुपयांहून कमी पगार नसावा, आणि शक्यतो तो कष्टकरी शेतकरी वर्गातून आलेला असावा, म्हणजे तो मुलांच्या घरच्यांत मोकळेपणाने मिसळेल आणि त्यांच्या गरजा व इच्छा त्याला कळतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. मुलाचे घर ठाऊक असणे ही शिक्षकाची पात्रता आहे, हे विधान एका सरकारी आयोगापुढे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी केले गेले होते. पुढच्या काळात पगाराचा आणि प्रशिक्षणाचा भाग धोरणात आला. घर ठाऊक असण्याचा भाग मात्र शिक्षकाच्या मर्जीवर राहिला.

याच इतिहासाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. शाळा ही पुष्कळ मुलांसाठी आघातावरचा उतारा नव्हती, आघात करणारी जागाच शाळा होती. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या तरटावर वेगळे बसणारे आणि शिपाई हजर नसेल तर तहानलेले राहणारे बालवयीन आंबेडकर आपल्याला ठाऊक आहेत. १९७८ च्या ‘बलुतं’पासून पुढे ‘उपरा’ (१९८०), ‘अक्करमाशी’ (१९८४), ‘उचल्या’ (१९८७), ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) ही आत्मकथने सलग वाचली तर त्यांत शाळेचे एक स्वतंत्र चरित्र दडलेले दिसते. वर्गात कुठे बसायचे, पाणी कोण वाढणार, नाव काय, आडनाव काय, बापाचे नाव काय, हे पटावर नोंद घेताना विचारले जाणारे साधे प्रश्न या पुस्तकांत जखमेसारखे येतात. वडिलांचे नाव सांगता न येणाऱ्या मुलाला शाळेचा उंबरठा किती उंच वाटतो, हे शरणकुमार लिंबाळे आणि किशोर शांताबाई काळे यांना वाचलेल्या शिक्षकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव अनिवार्य करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. त्याच्या मागे जी दीर्घ वेदना आहे तिची नोंद शासनाच्या दप्तरांत कमी आणि मराठी साहित्यात अधिक आहे.

आपलेपणा ही भावना उपदेशाने निर्माण होत नाही, ती रोजच्या व्यवस्थेतून निर्माण होते, हे आपल्याकडे वसतिगृहांनी प्रथम दाखवले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. एकत्र स्वयंपाक, एकत्र पंगत, एकत्र श्रम ही तिथली शिस्त होती. याच दशकात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिक्षक आणि छात्रालयाचे प्रमुख होते. मुलांसाठी ते हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढत. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. या पुस्तकावर भावविवशतेचा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु त्याची रचना लक्षात घ्यावी. आई गमावलेला एक तरुण आश्रमातल्या सोबत्यांच्या घोळक्यात रोज रात्री तिच्याविषयी थोडे थोडे सांगतो. सांगण्याची वेळ ठरलेली आहे, ऐकणारे ठरलेले आहेत, एका रात्री सगळे संपवण्याची सक्ती नाही. शोक वाटून घेण्याची जी रीत आज समुपदेशनाच्या पुस्तकांत सांगितली जाते, तिच्याशी या रचनेचे नाते जवळचे आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नाला वैद्यकीय भाषा मिळाली. आघातोत्तर तणावविकार ही संज्ञा अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात १९८० मध्ये आली. १९९८ मध्ये फेलिट्टी, अँडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन दिएगो येथील संशोधन प्रसिद्ध केले. १७ हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीचा हा प्रकल्प होता, आणि बालपणीच्या कौटुंबिक आपत्तींचा मोठेपणीच्या आजारांशी असलेला संबंध त्याने पुढे आणला. त्यामुळे भूकंप-महापूर यांच्याबरोबर घरातली रोजची मारहाण, व्यसन, दुरावा हेही आघातांच्या यादीत आले. आम्हाला मात्र अधिक मोलाचा वाटतो तो एमी वर्नर यांचा हवाई बेटांपैकी काउआई येथील अभ्यास. १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा त्यांनी दशकानुदशके मागोवा घेतला. अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले धडपणे उभी राहिली, आणि त्यांच्या आयुष्यात बहुधा एक तरी भरवशाचे मोठे माणूस होते. ते माणूस कितीदा तरी शिक्षक होते.

महाराष्ट्राला या ज्ञानाची गरज एका रात्रीत पडली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जन उरकून गावे झोपलेली असताना, लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासच्या गावांत, सरकारी आकड्यानुसारही, आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. बावन्न गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. नव्या वसाहतींत रस्ते रुंद आणि घरे सुरक्षित होती, पण चौकोनी आखणीत जुने शेजार विस्कटले. १९९१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे संस्थापक संचालक डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली भूकंपग्रस्तांच्या मानसिक आघाताचा मोठा अभ्यास झाला. ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना फडणवीस म्हणून ज्यांना आपण ओळखतो, त्या नटाच्या कारकिर्दीचा हा दुसरा अध्याय साहित्याच्या वर्गात क्वचितच सांगितला जातो.

आणि येथे या इतिहासाची वाट खराडीच्या शेजारी येते. भारतीय जैन संघटनेने, तिचे संस्थापक शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने, भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्यात आणली. त्यांच्यासाठी नगर रस्त्यावर वाघोलीला शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. खराडीतून नगर रस्त्याने पुढे गेले की वाघोली काही किलोमीटरवर लागते. त्या काळात दोन्ही गावे शेतीचीच होती. त्याच केंद्रात पुढे मेळघाटातील आदिवासी मुले आली, आणि २०१५ नंतर मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलेही आली. म्हणजे धरणीकंपाच्या बळींसाठी उभी राहिलेली वास्तू हळूहळू संथ आपत्तींच्या बळींसाठी उपयोगात येऊ लागली. महाराष्ट्राच्या तीस वर्षांच्या दुःखाचा क्रम या एका केंद्राच्या प्रवेशयादीतून वाचता येईल.

मुलाला त्याच्या मुलखातून उचलून दूरच्या शहरात नेणे योग्य आहे काय, हा प्रश्न या प्रयोगाला टाळता येत नाही. निवासी शाळेत नियमित जेवण, ठरलेली घंटा, आपल्यासारखेच गमावलेल्या सोबत्यांची संगत मिळते, आणि ज्या मुलाचे जग अनपेक्षितपणे कोसळले आहे त्याला उद्या काय होणार हे ठाऊक असण्यासारखे औषध नाही. परंतु त्याचबरोबर उरलेसुरले नातलग, गावची बोली, शेतातली पायवाट हे सारे मागे राहते. त्याच संघटनेच्या पुढच्या कामात या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न दिसतो. २००१ च्या गुजरात भूकंपानंतर तिने मुले उचलून आणण्याऐवजी कच्छ परिसरात ३६८ शाळा उभारून दिल्या. आणि २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील सुमारे पाचशे प्राथमिक शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम सुरू केला. पुढे राज्य शासनाच्या साथीने त्याचा विस्तार झाला. जोड्यांत आणि गटांत बोलणे, दुसऱ्याचे ऐकणे, वर्गाचे नियम मिळून ठरवणे या साध्या सवयी त्याच्या मुळाशी होत्या. मुलाला वेगळ्या जागी नेण्यापासून त्याच्या जागी शाळा नेण्यापर्यंत, आणि तिथून साध्या वर्गाचेच वागणे बदलण्यापर्यंत असा हा सोळा वर्षांचा प्रवास आहे. यातली तिसरी पायरी सर्वांत अवघड, कारण तिला इमारत लागत नाही आणि तिचे उद्घाटनही करता येत नाही.

खराडी १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आली, वाघोली २०२१ मध्ये. या दोन सनांच्या मधल्या काळात मुळा-मुठेकाठच्या या शेतांवर माहिती-तंत्रज्ञानाच्या काचेच्या इमारती आणि उंच गृहसंकुले उभी राहिली. त्या उभारणाऱ्यांची मुले साइटवरच्या पत्र्याच्या खोल्यांत वाढली. मराठवाडा, विदर्भ, कर्नाटक, तेलंगण, बिहार, छत्तीसगड अशा मुलखांतून आलेल्या या कुटुंबांचे दुःख किल्लारीसारखे एका तारखेला घडत नाही. इमारतीचा एक टप्पा संपला की बिऱ्हाड हलते, मूल शाळा सोडते, नवी भाषा, नवे गुरुजी, पुन्हा नवा बाक. पाया, स्लॅब, प्लास्टर या बांधकामाच्या वेळापत्रकावर मुलाच्या मैत्रीचे आयुष्य ठरते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा तर हजारो मजूर कुटुंबांनी अशी शहरे सोडली, आणि शाळांच्या पटावर नावे राहिली पण मुले राहिली नाहीत. या संथ आघातासाठी कोणी मदतफेरी काढत नाही. त्याची वर्गातली खूण एवढीच असते की नाव पुकारल्यावर उत्तर येत नाही.

याविषयी कायदा पुष्कळ बोलतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या चौथ्या कलमाने मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश दिला. पाचव्याने दाखला उशिरा मिळाला म्हणून प्रवेश नाकारण्यास मनाई केली. सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही निषिद्ध ठरवला. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड निघाले. २०१७ पासून ‘बालरक्षक’ म्हणून स्वेच्छेने काम करणारे सरकारी शाळांतील शिक्षक शाळाबाह्य मुलांना वस्त्यांत जाऊन शोधू लागले. १९८८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे रजनी परांजपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात रुजलेल्या डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्थेने वर्ग थेट बांधकामाच्या जागी नेले. फुल्यांनी हंटर आयोगापुढे ज्या शिक्षकाचे वर्णन केले होते त्याच्या जवळ जाणारी ही माणसे आहेत. परंतु मूल पटावर आले म्हणजे काम संपते, असा समज अजूनही बळकट आहे. पट मोजता येतो. त्या मुलाला तो वर्ग आपला वाटतो की नाही, हे कुठल्याच रकान्यात भरता येत नाही.

येथे भाषा शिकवणाऱ्या आम्हा सर्वांचा संबंध येतो. गणिताच्या तासाला मुलाचे घर क्वचित येते, भाषेच्या तासाला ते रोज येते. ‘माझी आई’, ‘माझे गाव’, ‘मी केलेला प्रवास’, ‘दिवाळीची सुट्टी’ हे विषय फळ्यावर लिहिताना आम्ही एक आई, एक गाव आणि एक सुट्टी गृहीत धरतो. वाघोलीच्या केंद्रातल्या किंवा खराडीच्या साइटवरच्या मुलाला हा विषय म्हणजे परीक्षाच असते, आणि ती निबंधलेखनाची नसते. यावर विषयच टाळावेत हा उपाय नव्हे. मुलांना दुःखापासून वाचवण्यासाठी भाषेतून दुःखच काढून टाकले तर मुक्ताचा निबंधही कधी लिहिला जाणार नाही. विषयांना पर्याय ठेवता येतो. ‘माझ्या घरातले एक माणूस’ असे म्हटले तर आजी, मामा, साइटवरची शेजारीण, कुणीही त्यात येऊ शकते. लिहिलेले मोठ्याने वाचायचे की नाही हे मुलाला ठरवू देता येते. वहीत काही वेगळे दिसले तर लाल शाईआधी दोन शब्द बोलता येतात, आणि गरज पडेल तेव्हा समुपदेशकाकडे पाठवता येते, कारण शिक्षक हा वैद्य नव्हे.

उलट दिशेचा धोकाही नजरेआड करता येत नाही. आघाताचा शब्द प्रचारात आला की मुलाला बोलते करण्याची घाई सुटते. भूकंपग्रस्ताचे मनोगत लिहून घेणारी शाळा उद्या खऱ्या भूकंपग्रस्ताकडून कहाणी वदवून घेण्यात धन्यता मानू लागेल, आणि गॅदरिंगमध्ये टाळ्यांसाठी ती सादरही करील. दुःख सांगण्याइतकाच ते न सांगण्याचा हक्क मुलाला असला पाहिजे. साने गुरुजींच्या श्यामला कोणी सांगायला भाग पाडले नव्हते, त्याला ऐकणारे मिळाले होते. आमच्या शाळांना सध्या सांगणाऱ्यांची उणीव नाही, उणीव आहे ती ऐकणाऱ्यांची. आणि साठ मुलांच्या वर्गात, जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामे सांभाळणाऱ्या एकट्या शिक्षकाकडून हे ऐकणे अपेक्षिताना त्याच्या वाट्याचा वेळ कोण परत देणार, हा प्रश्न शासनाला विचारावाच लागेल.

मुक्ता साळवेच्या निबंधाचा अभ्यास आता विद्यापीठांत होतो, त्यावर प्रबंध लिहिले जातात. तो दलित साहित्याच्या आणि स्त्रीवादाच्या अभ्यासपत्रिकांत शिकवला जावा हे योग्यच आहे. आम्ही सुचवू इच्छितो ते इतकेच की तो अध्यापकविद्यालयांत, उद्याच्या प्राथमिक शिक्षकांपुढे, ‘एका मुलीने शाळेत लिहिलेला निबंध’ म्हणूनही ठेवला जावा, आणि सोबत एक प्रश्न विचारला जावा: असा निबंध तुमच्या वर्गात, खराडीच्या एखाद्या साइटवरून आलेल्या मुलीने तेलुगू वळणाच्या मराठीत, अशुद्ध शुद्धलेखनात लिहून दिला, तर तुम्ही त्याचे काय कराल?